पेट्रोल, तिकीट आणि झोप

मुलाला चाकणच्या एका कारखान्यात नोकरी लागली आणि पेढे संपायच्या आत घरात मोटारसायकलचा विषय निघाला. आम्ही कासारवाडीला राहतो. नाशिक फाट्यावरून भोसरी, मोशी, चिंबळी फाटा, कुरुळी करत चाकण गाठायचे म्हणजे वीसेक किलोमीटर. या रस्त्याने मी काही वर्षे बसने आणि काही वर्षे दुचाकीवर गेलो-आलो आहे. तेव्हा सल्ला द्यायचा अधिकार आपला, असे मी धरून चाललो.

कागद-पेन्सिल घेऊन बसलो. पीएमपीएमएलच्या १ जून २०२५पासूनच्या दराने वीस किलोमीटरपर्यंत ४० रुपये, जाऊन-येऊन ८०. मोटारसायकल लिटरला पन्नास किलोमीटर गेली, तर दिवसाला पाऊण लिटरच्या थोडे वर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या पुढे. म्हणजे तेही ८०-८५ रुपयेच!

"अब्बा, बरोबरी झाली की," मुलगा म्हणाला. "आणि मागे मित्र बसला तर निम्मेच."

हप्ता, विमा, टायर धर, असे मी म्हटले. त्यावर, गाडी सुट्टीच्या दिवशीही लागणारच, हे उत्तर तयार होते. ज्या शहराने आकुर्डीत लाखो स्कूटर बनवल्या, तिथे बसची बाजू मांडणे तसेही अवघडच.

मग वेळेकडे वळलो. पन्नास माणसांची बस दोन-तीन मोटारींएवढाच रस्ता अडवते. पण त्याच मोटारींच्या आणि कंटेनरच्या मागे ती उभी राहिली, की या शहाणपणाचा तिला काही उपयोग नाही. बसला स्वतःची वाट हवी. सांगवी-किवळे मार्गावर २०१५मध्ये तशी वेगळी मार्गिका सुरू झाली. चाकणच्या रस्त्यावर ती नाही. मेट्रो ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी धावू लागली, नाशिक फाट्यावर तिचे स्थानकही आहे. पण चाकणकडे ती वळलेली नाही. कोंडीत दुचाकी कडेकडेने निसटते, बस निसटत नाही. शिवाय बस कधी येईल हे ठाऊक नसणे प्रवासापेक्षा जाचक. पहिल्या पाळीच्या माणसाला दहा मिनिटांचा उशीर परवडत नाही.

आपल्या पट्ट्याने यावर स्वतःचा तोडगा काढलेला आहे, तो म्हणजे कंपनीची बस. पाळीच्या वेळेला येते, दारात सोडते. मात्र कंत्राटी कामगाराला ती मिळेलच असे नाही, आणि माझा मुलगा कंत्राटीच आहे.

एवढे झाल्यावर मी त्याला खांदा दाखवला.

माझ्या वेळी एसटी मिळाली तर एसटी, नाहीतर पीसीएमटी. (पीसीएमटी आणि पीएमटी यांची २००७मध्ये मिळून पीएमपीएमएल झाली.) दुसऱ्या पाळीनंतर मी खिडकीला डोके टेकून झोपायचो. ओळखीचा एक कंडक्टर हाक मारायचा, "ओ कवी, फाटा आला!" तिकिटांच्या पाठीमागे मी कविता लिहिल्या, दुचाकीवर एकही सुचली नाही. पण शेवटची बस वरचेवर चुकू लागली, म्हणून मीही गाडी घेतली. एका रात्री मोशीच्या अलीकडे पुढच्या ट्रकचा लाल दिवा पाहता पाहता डोळा लागला. शुद्धीवर आलो तो रस्त्याच्या कडेला. खांद्याजवळचे हाड मोडले होते. मागून काही येत नव्हते म्हणून आज बोलतो आहे.

बसमध्ये झोप फुकट मिळते, हे आमच्या कागदावर कुठेच आले नव्हते. आठ तास उभे राहून काम केलेल्या माणसाला परत वीस किलोमीटर जागे राहायला लावणे, हा दुचाकीचा खरा खर्च.

मुलाने सगळे ऐकले आणि मोटारसायकल घेतलीच. रात्री अकरा वाजता तळेगाव चौकात बसची वाट पाहत उभे राहा, असे मीही त्याला सांगू शकलो नाही. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात तो आणि त्याचा मित्र एकाच गाडीवर येतात. मागे बसणाऱ्याने घर येईपर्यंत बोलत राहायचे, असे दोघांचे ठरले आहे. मित्र स्वभावाने अबोल आहे. म्हणून मी त्याला सांगितले, काही सुचले नाही तर पाढे म्हण.