उघड्या नोंदींचा माग

ठाण्याहून भिवंडीस जाताना, कशेळी-काल्हेर मागे टाकल्यावर, पूर्णा गावाच्या हद्दीत गोदामांची जी दाट वसाहत लागते, तेथे मालाच्या आवक-जावकीइतकाच अखंड असा नोंदींचा प्रवाह संगणकांतून वाहत असतो. कोणी, केव्हा, कोठून प्रवेश केला, याचा हा रोजनामा मध्यवर्ती सर्व्हरवर जमा होतो. आणि २८ एप्रिल २०२२ च्या सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या आदेशान्वये तो १८० दिवस जतन करणे बंधनकारक आहे.

परंतु जतनाआधी तो वाटेत कोणी वाचला काय, हा प्रश्न मला अधिक गंभीर वाटतो. १९८० च्या दशकात एरिक ऑलमन यांनी निर्मिलेली, नोंदी पाठवण्याची ‘सिसलॉग’ पद्धत परंपरेने ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर साधा मजकूर धाडते. टीएलएस या सुरक्षा-पद्धतीने होणाऱ्या कूटबद्ध वाहतुकीसाठी २००९ साली ६५१४ हा क्रमांक मुक्रर झाला. तथापि केवळ क्रमांकावर भिस्त ठेवणे धोक्याचे, कारण चुकीची मांडणी झालेले यंत्र नव्या पोर्टवरही उघडाच मजकूर पाठवू शकते.

म्हणून जोडणीवर येणारे पहिले बाइटच तपासावेत. टीएलएसची बोलणी सुरू होताना पहिला बाइट २२ आणि दुसरा ३ असतो. उघड्या सिसलॉगचा आरंभ बहुधा ‘<’ या चिन्हाने, म्हणजे ६० ने, होतो. असे आढळताच जोडणी तडकाफडकी तोडू नये, कारण मग त्या यंत्राच्या नोंदीच बुडतील. प्रथम त्याचा पत्ता व वेळ टिपून संबंधितांस कळवावे, आणि दुरुस्तीस ठराविक मुदत देऊनच उघडे पोर्ट बंद करावे.