पाचच्या आत

मार्च संपत आला होता आणि मालेगावात दुपारी बारानंतर रस्त्यावर पाय ठेवायची सोय नव्हती. सूत रंगवणाऱ्या एका कारखान्यात मी वेगळ्याच कामाला गेलो होतो. तिथे एक रंगारी टपात बर्फाचे तुकडे टाकताना दिसला. रंगकाम म्हटलं की उकळतं पाणी आणि वाफ एवढंच मला ठाऊक. हा बर्फ कशाला, विचारलं. "नप्तोल है. गरम हुआ तो रंग मर जाता," तो म्हणाला. आणि का मरतो? त्यावर तो हसला. "वो सर को पूछो. मेरी बेटी उनके पास बीएस्सी करती है."

दोन दिवसांनी मी त्या सरांच्या प्रॅक्टिकलला मागच्या स्टुलावर बसलो होतो. त्यांचं आणि कॉलेजचं नाव लिहायचं नाही, या बोलीवर.

वर्गात वीस-बावीस मुलं, निम्म्याहून जास्त मुली. बुरख्यावर पांढरा ॲप्रन, हातात थर्मामीटर. प्रयोगशाळेतले मामा गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आले, ती हातोडीने फोडली, वर मीठ भुरभुरलं. आज ॲनिलिनपासून ॲझो रंग करायचा होता. ॲनिलिन हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून थंड करायचं, त्यात सोडियम नायट्राइट थेंबाथेंबाने सोडून डायझोनियमचं द्रावण करायचं, मग ते बीटा-नॅप्थॉलच्या अल्कलीतल्या द्रावणात ओतायचं. कृती पुस्तकात अर्ध्या पानाची आहे.

"पाच," सर म्हणाले. "पाच अंशांच्या वर गेलं की गेलं."

पुढच्या दोन तासांत हा आकडा मी किती वेळा ऐकला, मोजलं नाही. टेबलाटेबलावरून जाताना ते नुसता पंजा उघडून दाखवायचे. खिडकीबाहेर चाळीस, बीकरमध्ये पाच. मुलांना घाई होती. नायट्राइट थेंबाने सोडायचं म्हणजे हाताला रग लागते. एका टेबलावरच्या मुलाने शेवटचं सगळं एकदम ओतलं. बीकरमध्ये बुडबुडे आले, द्रावण तपकिरी झालं आणि एक वास सुटला.

तो वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही. जुन्या सरकारी दवाखान्यात फरशी पुसल्यावर येतो तसा. सर रागावले नाहीत. बीकर लांब धरून हाताने थोडी वाफ नाकाकडे ओढली आणि त्या मुलालाही तसंच करायला लावलं. "फिनॉल. डायझोनियम तुटलं, नायट्रोजन उडून गेला, मागे हे राहिलं. आता हा वास आला की समजायचं, आपण घाई केली." मग नवीन बर्फ आणि पहिल्यापासून सुरुवात. रंगारी ज्याला रंग मरणं म्हणतो, ते हेच.

ज्यांचं पाचच्या आत राहिलं, त्यांच्या बीकरमध्ये मात्र पाहण्यासारखं घडलं. बिनरंगी द्रावण बिनरंगीत पडलं आणि क्षणात शेंदरी-लाल गोळा तयार झाला. एक मुलगी "या अल्लाह" म्हणाली. सरांनी हा प्रयोग 32 वर्षं घेतलाय, तरी तेवढ्यापुरते तेही थांबले. "हा खायचा नाही हं," ते म्हणाले. "हाच सुदान-1. 2003 साली आपल्याकडून गेलेल्या तिखटात सापडला आणि युरोपात दुकानातला माल काढून घ्यावा लागला."

पेर्किनने पहिला कृत्रिम रंग केला 1856 साली, ग्रीस या रसायनशास्त्रज्ञाला डायझो संयुगं सापडली 1858 साली. हे फळ्यावर एका ओळीत उरकलं. सर रमले ते त्रिभुवनदास गज्जरांपाशी. मुंबईतल्या राणी व्हिक्टोरियाच्या संगमरवरी पुतळ्याला चाफेकरांनी 1896 साली डांबर फासलं. ते डाग काही केल्या निघेनात. काढले ते विल्सन कॉलेजच्या या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने. मुलं हसली. त्याआधी गज्जर बडोद्याच्या कलाभवनात होते. 1890 साली निघालेल्या त्या संस्थेत रंगकामही शिकवत. ती काढणारे सयाजीराव गायकवाड मूळचे कवळाण्याचे, म्हणजे याच तालुक्यातले. "आपल्या गावच्या पोराने रंगाची शाळा काढली, शिकवायला केमिस्ट्रीचा मास्तर ठेवला. आणि आपण?" सरांनी वाक्य तिथेच सोडलं.

चहाला बसल्यावर ते स्वतःबद्दल थोडं बोलले. घर याच कसमादे पट्ट्यातलं, कांद्याचं. एमएस्सी पुण्याला. पहिली काही वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे तास झाला तर पैसे. पीएचडी चाळिशी ओलांडल्यावर, शिफ बेस या संयुगांवर. इथे रेणूची रचना तपासायचं एनएमआरचं यंत्र नाही, म्हणून सॅम्पलच्या कुप्या शर्टाच्या खिशात घालून रात्रीच्या एसटीने पुण्याला जायचं, आलेख घेऊन सकाळी परत. 2010 नंतर बढतीसाठी गुण मोजायला लागले. शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके. "प्रॅक्टिकलला उभं राहायचे?" मी विचारलं. ते धरलेत त्यात, म्हणाले, पण बसून सही केली तरी गुण तेवढेच.

मला हे अन्यायाचं वाटतं. त्यांना वाटत नसावं. किंवा वाटून गेलं असावं. बोलताना ते उजव्या हाताची नखं अंगठ्याने घासत होते. नखांच्या कडेला शेंदरी रंग होता आणि तो निघत नव्हता.

चार वाजता मुलांनी रंग गाळून वाळत घातला. पुढच्या तासाला ॲसेटिक आम्लातून स्फटिक काढायचे, वितळबिंदू बघायचा; 131च्या आसपास आला पाहिजे. मामांनी टपातलं पाणी मोरीत ओतलं. रंगाऱ्याच्या मुलीचा रंग सर्वांत झकास आला होता. घरी बघून बघून, ती म्हणाली.

बर्फाला खरेदीच्या यादीत जागा नाही. लादीचे पैसे सर स्वतःच्या खिशातून देतात. येत्या मे महिन्यात ते साठ वर्षांचे होऊन निवृत्त होतील. जागा भरेपर्यंत प्रॅक्टिकल तासिका तत्त्वावरच्या एक मॅडम घेणार आहेत. सरांनी त्यांना बर्फवाल्याचा नंबर देऊन ठेवलाय.