कामापूर्वीची पाच मिनिटे

दरवर्षी ४ मार्चला देशभर राष्ट्रीय सुरक्षा दिन पाळला जातो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना झाली, १९७२ पासून हा दिवस साजरा होऊ लागला आणि यथावकाश दिवसाचा सप्ताह झाला. मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर कापडी फलक लागतात, सामुदायिक शपथ होते, घोषवाक्यांच्या स्पर्धेत बक्षिसे वाटली जातात. त्यात वावगे काही नाही. परंतु नंदुरबार जिल्ह्यात नेमक्या याच दिवसांत जे हात सर्वाधिक राबत असतात, त्यांच्यापर्यंत ही शपथ पोहोचत नाही. ऊसतोडीचा हंगाम आटोपत आलेला असतो आणि टोळ्या अजून परमुलखातल्या फडात असतात. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते व तिची देठे खुडणाऱ्या बाया दिवसभर त्या झणझणीत धुळीत बसलेल्या असतात. विहिरींचे पाणी तळाला जाऊ लागल्याने गाळ काढण्याची कामेही याच सुमारास निघतात.

बांधकामावर, वीजवाहिन्यांच्या कामावर व मोठ्या कारखान्यांत अलीकडे एक चांगली प्रथा रुजली आहे. काम सुरू होण्यापूर्वी पर्यवेक्षक टोळीला एकत्र बोलावून पाच-दहा मिनिटे धोक्यांविषयी बोलतो. अवजारांच्या पेटीभोवती उभे राहून ही बैठक होते, म्हणून तिला ‘टूलबॉक्स टॉक’ असे नाव पडले. बैठक भरवावी याविषयी आता कोणाचे दुमत नाही. वादाचा खरा मुद्दा आहे तो विषयाचा: आज काय बोलायचे, आणि ते कोणी ठरवायचे?

शाळेत प्रार्थनेनंतर फळ्यावर सुविचार लिहिण्याची पद्धत शिक्षक वाचकांना सांगायला नको. वर्षभराचे सुविचार एका वहीत उतरवून ठेवलेले असतात. ज्या मुलाची पाळी असते तो त्या दिवसाचा सुविचार लिहितो आणि तास संपण्यापूर्वी तो कोणाच्या लक्षातही राहत नाही. बहुतेक ठिकाणी सुरक्षा-बैठकीच्या विषयांची गत हीच झाली आहे. छापील यादी असते: सोमवारी शिरस्त्राणाचे महत्त्व, मंगळवारी अग्निशमन, बुधवारी स्वच्छता. नोंदवहीत विषय लिहिला जातो, खाली सह्या वा अंगठे घेतले जातात. कचेरीत काम करणाऱ्यांना हेही ठाऊक आहे की, वही भरलेली असली म्हणजे तपासणी सुरळीत पार पडते. अपघात झालाच, तर ‘कामगारास यापूर्वीच सूचना देण्यात आली होती’ हे सिद्ध करायला तीच वही उपयोगी पडते. ज्याच्या संरक्षणासाठी ती सुरू झाली, त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून ती उभी राहते.

या यादीत एक विषय हमखास पुन्हा पुन्हा येतो: कामगाराचा निष्काळजीपणा. त्यालाही इतिहास आहे. एच. डब्ल्यू. हाइनरिख या अमेरिकन विमा कंपनीतील अधिकाऱ्याने १९३१ मध्ये औद्योगिक अपघातांवर ग्रंथ लिहिला आणि शंभरातील ८८ अपघात माणसांच्या चुकीच्या वागण्याने घडतात, असा निष्कर्ष मांडला. पुढच्या अनेक अभ्यासकांनी या आकड्यावर आक्षेप घेतले. ज्या नोंदींवरून तो काढला, त्या मुख्यतः मालक व देखरेखीची माणसे यांनी लिहिलेल्या, आणि दोष कोणाच्या पदरात टाकायचा हे लिहिणाऱ्यानेच ठरवलेले. तथापि आकडा टिकला, कारण तो सोयीचा होता. ‘नीट लक्ष द्या’ एवढे सांगितले की, यंत्राला जाळी बसवण्याचा खर्च वाचतो.

ऊसतोड टोळीचेच उदाहरण घेऊ. नंदुरबार जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेनुसार शंभरातील सुमारे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत, आणि यांतील असंख्य कुटुंबे दिवाळीनंतर गुजरातेत व अन्यत्र तोडीला जातात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात बार्डोली परिसरातील तोड कामगारांचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना तेथे मोठ्या प्रमाणावर भेटले ते खानदेशातून आलेले लोक. स्त्री-पुरुषांची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. माणसाला अवजाराचे नाव देण्याची ही रीत पुरेशी बोलकी आहे. समजा, या टोळीपुढे बोलायचे आहे. यादी काढून देणारा पहिला विषय लिहील: कोयता जपून वापरा. पण वर्षानुवर्षे कोयता चालवणाऱ्याला कोयता कसा धरावा हे कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. ते तोच आपल्याला शिकवील.

त्याला जे सांगितले पाहिजे, किंवा खरे म्हणजे त्याला जे विचारले पाहिजे, ते वेगळेच आहे. टोळी नव्या मुक्कामी उतरते त्या पहिल्या दिवशीचा विषय झोपण्याच्या जागेचा असावा. मण्यार रात्री हिंडते, जमिनीवर निजलेल्या माणसाला चावते आणि तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. सकाळी पोट दुखते, पापण्या मिटू लागतात, आणि तोवर वेळ निघून गेलेली असते. अशा वेळी जवळचे कोणते रुग्णालय सर्पदंशावरील लस ठेवते आणि रात्री वाहन कोणाचे मिळेल, या दोन प्रश्नांची उत्तरे मुकादमाला पहिल्या संध्याकाळीच देता आली पाहिजेत. नंतरचा विषय फळीचा. उसाची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून मालमोटारीवर चढणे हे काम बायकांकडेही असते, आणि दवाने वा पावसाने भिजलेली फळी किती निसरडी होते हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. मोटार मध्यरात्री आली तर मध्यरात्रीच भरावी लागते. दिवसभर तोड करून पेंगुळलेल्या बाईने अंधारात त्या फळीवर पाऊल टाकताना ‘लक्ष द्यावे’ असे म्हणणे म्हणजे तिची चेष्टा करणे होय. तेथे विषय लक्षाचा नाही, उजेडाचा आहे.

विषय योग्य निवडला की नाही, हे ओळखण्याची माझ्या मते एक साधी खूण आहे. बैठक संपल्यावर मुकादमाला, ठेकेदाराला वा कारखान्याला त्याच दिवशी काहीतरी करावे लागते का? दिवा आणावा लागतो का, फळीला आडव्या पट्ट्या ठोकाव्या लागतात का, पाण्याचा पिंप फडाजवळ न्यावा लागतो का? सांगणाऱ्यावर कोणतीच जबाबदारी न टाकणारा विषय हा उपदेश असतो, आणि उपदेश ऐकून घेण्याची आपल्या कष्टकऱ्यांना शतकानुशतकांची सवय आहे.

ऐकणाऱ्यांनी विषय ठरवला म्हणजे काय होते, याचा पडताळा याच मातीत एकदा आलेला आहे. १९७२ साली शहाद्यात श्रमिक संघटना उभी राहिली. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. अंबरसिंग सुरतवंती आणि त्यांचे सहकारी यांच्यापुढचे प्रश्न जमिनीचे, मजुरीचे व सालदारांवरील अन्यायाचे होते. परंतु त्या सुमारास आदिवासी स्त्रियांची शिबिरे भरू लागली, तेव्हा बायका दारूविषयी आणि नवऱ्यांच्या मारहाणीविषयी बोलू लागल्या. त्या नुसत्या बोलून थांबल्या नाहीत. गावोगाव जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली. मजुरीचा लढा घराच्या उंबरठ्याच्या आत नेला तो त्यांनीच. सुरक्षेची बैठक आणि चळवळीचे शिबिर एक नव्हे, हे मान्य; पण ज्याच्या अंगावर बेतते त्याने विषय मांडला तरच तो खरा निघतो, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

मग त्याला बोलते कसे करावे? जपानमधील सुमितोमो या पोलाद कंपनीत १९७४ साली एक पद्धत सुरू झाली व पुढे तेथील कारखान्यांत ती सर्वत्र पसरली. कामगारांपुढे कामाच्या जागेचे साधे चित्र ठेवायचे आणि यात धोका कोठे दडला आहे, असे विचारायचे. प्रत्येकाने एक जागा दाखवायची, मग सर्वांत मोठा धोका कोणता हे मिळून ठरवायचे, आणि त्यावर आज काय करायचे तेही ठरवायचे. यात अक्षरओळखीची गरज नाही. सातपुड्यात तर आणखी एक अडचण आहे. सूचना छापल्या जातात प्रमाण मराठीत, पण घरी बोलली जाते पावरी, भिली किंवा मावची; सपाटीवर अहिराणी व गुजरी. ‘विद्युतप्रवाह खंडित असल्याची खातरजमा करावी’ हे वाक्य आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलालासुद्धा दोनदा वाचावे लागेल. चित्राला ही अडचण येत नाही, आणि टोळीतल्या एखाद्या जाणत्या बाईने आपल्या बोलीत सांगितलेल्या अनुभवालाही येत नाही.

जिवावरचे शेपटावर निभावले, असे आपण म्हणतो. काल असे कोणाचे निभावले, हा रोज सकाळी विचारावा असा प्रश्न आहे. मात्र तो विचारणाऱ्याने उत्तर देणाऱ्याला पुढे दंड करता कामा नये. एकदा जरी केला तरी पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.

काही विषय मात्र टोळीच्या अनुभवातून वर येत नाहीत, ते जाणत्याने पुढे ठेवावे लागतात. विहिरीचा प्रश्न त्यांपैकी एक. जुन्या बंद विहिरीच्या तळाशी प्राणवायू उरत नाही. आत इंजिन चालवले असेल तर विषारी वायू साचतो. पहिला माणूस खाली कोसळतो, त्याला काढायला त्याचा भाऊ उतरतो, मग तिसरा. अशा घटनांत वाचवायला गेलेलेच अधिक मरतात. येथे अगोदर सांगायची गोष्ट अतिशय कठोर आहे: तुझा भाऊ खाली पडला तरी तू दोर बांधल्याशिवाय उतरायचे नाहीस. ती ऐन प्रसंगी सांगून उपयोग नाही. सकाळी, सर्वांचे चित्त स्थिर असतानाच ती बोलली गेली पाहिजे. मिरचीच्या पथारीवरचे सांगणे त्या मानाने सोपे. मिरचीतील तिखट द्रव्य तेलात विरघळते, पाण्यात फारसे नाही. म्हणून जळजळणारे हात नुसत्या पाण्याने धुण्यापेक्षा आधी तेल चोळून मग साबणाने धुवावेत, आणि मुलाला जवळ घेण्यापूर्वी तर अवश्य.

आणि काही धोके असे असतात की, ते कोणत्याही अपघाताच्या वहीत उतरतच नाहीत. अक्राणीच्या पलीकडे, नर्मदेपार, अलिराजपूर व झाबुआ हे मध्य प्रदेशचे जिल्हे आहेत. तेथील आदिवासी मजूर गुजरातेत गोध्रा भागातील गारगोटी भरडण्याच्या कारखान्यांत कामाला गेले आणि फुप्फुसांत दगडाची धूळ साठवून परतले. तरुण माणसे गावी येऊन एकेक करून मेली. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० साली अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये द्यावेत अशी शिफारस केली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ती रक्कम देण्याचा आदेश द्यावा लागला. त्या कारखान्यांत कोणाचे बोट तुटले असते तर त्याची कदाचित नोंद झाली असती. धुळीची कोण नोंद करणार? दगडखाणीत, खडी भरडण्याच्या यंत्रावर किंवा रस्त्याच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येक टोळीला वर्षातून अनेकदा हा विषय ऐकायला मिळाला पाहिजे, आणि त्याबरोबर दगडावर पाणी मारण्याची सोयही.

कायद्याकडे पाहावे, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत सुरक्षा अधिकारी नेमण्याचे बंधन आहे. पण ते ५०० कामगारांच्या कारखान्याला, धोकादायक प्रक्रिया असेल तर व बांधकामावर २५० कामगारांना, खाणीत १०० कामगारांना. वीस-पंचवीस कोयत्यांची टोळी, पथारीवरच्या बाया, विहिरीवरचे पाच गडी यांतले कोठेच बसत नाहीत. त्यांचा सुरक्षा अधिकारी म्हणजे त्यांचा मुकादमच, आणि मुकादमाच्या डोक्यावर दिलेल्या उचलीचा हिशेब असतो. अंगावर उचल असलेल्या जोडप्याने ‘आज फळी ओली आहे, मोळी चढवणार नाही’ असे म्हणावे ही अपेक्षा आजच्या स्थितीत फोल आहे. ते त्याला म्हणता यावे अशी इच्छा असेल, तर मोटार उशिरा भरली म्हणून मजुरीत कपात होणार नाही, हे एक वाक्य हंगामापूर्वीच कारखाना, मुकादम व टोळी यांच्या करारात लिहिले गेले पाहिजे. आणि पहिल्या सकाळच्या पाच मिनिटांत ते टोळीला तिच्या बोलीत वाचून दाखवले गेले पाहिजे.