उंबराचे फूल

फार दिवसांनी दर्शन देणाऱ्या आप्ताला 'उंबराचे फूल झालात' असे म्हणण्याची मराठीत रीत आहे. त्यावरून उंबराला फूलच येत नाही, असा अनेकांचा समज झालेला असतो. वस्तुतः त्याला फुले येतात आणि तीही हजारोंनी; मात्र ती बाहेर उमलत नाहीत. व्यवहारात ज्याला उंबराचे फळ म्हणतात, तो एक आतल्या बाजूस मिटलेला फुलोराच असतो. त्याच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते आणि भिंतीला आतून सूक्ष्म फुले चिकटलेली असतात. चिरून पाहण्याचे कारण नाही. वनस्पतिशास्त्रज्ञांनी ते काम करून ठेवले आहे.

मिटलेल्या या दालनात वारा शिरत नाही, मधमाशीलाही वाट नाही. मग परागकण पोहोचतात कसे? हे काम चिलटाएवढी एक गांधीलमाशी करते. अंगावर पराग घेऊन आलेली मादी त्या छिद्रातून स्वतःला आत रेटते. वाट इतकी अरुंद असते की तिचे पंख बहुधा तेथेच तुटतात. आत गेल्यावर ती फुलांवर पराग टाकते, काही फुलांच्या बीजाशयात अंडी घालते आणि तेथेच मरते. अंडी न पडलेल्या फुलांत बी धरते. अंडी पडलेल्या फुलांत अळी वाढते. पानांनी सूर्यप्रकाश, पाणी आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड यांपासून केलेल्या साखरेचा काही वाटा अशा रीतीने अळ्यांच्या पोषणाकडे जातो. वृक्षाने परागवहनाचे मोल चुकते करावे, असाच हा व्यवहार आहे.

काही आठवड्यांनी प्रथम बिनपंखी नर बाहेर पडतात. माद्यांशी मीलन झाल्यावर ते फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि त्यांचे आयुष्य संपते. एव्हाना नरफुले पक्व झालेली असतात. त्यांचे पराग घेऊन माद्या दुसऱ्या उंबराच्या शोधात उडतात. त्यांच्या हाती एक-दोन दिवसच असतात. वड आणि पिंपळ यांचीही व्यवस्था अशीच असून बहुधा प्रत्येकाची माशी निराळी असते.

पंच उदुंबरांच्या त्यागाचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. दहाव्या शतकातील आचार्य अमृतचंद्र यांनी 'पुरुषार्थसिद्ध्युपाय' या ग्रंथात मद्य, मांस आणि मधु यांच्याबरोबर ही पाच फळे वर्ज्य सांगितली. ही फळे त्रस जीवांची 'योनी' आहेत, असे कारण त्यांनी दिले. फळात बाहेरून कीड पडते, असे ते म्हणत नाहीत. जीवांचे जन्मस्थानच ते आहे, असे म्हणतात. सूक्ष्मदर्शकाच्या कित्येक शतके आधीचे हे निरीक्षण आहे.

सुक्या मेव्याच्या दुकानात खरा प्रश्न उभा राहतो तो अंजिराचा. अंजीर याच कुळातले; पण सर्व अंजिरे एका प्रकारची नाहीत. सासवड-पुरंदर भागातील 'पुणे अंजीर' परागाशिवायच धरते, त्याला माशीची गरज लागत नाही. तुर्कस्तानातून येणारे मोठे सुके अंजीर मात्र मुख्यतः स्मिर्ना गटाचे असते. तेथील बागाईतदार रानटी नर-अंजिराची फळे झाडांना मुद्दाम टांगतात, कारण त्यांतून माशी आली नाही तर फळ कच्चेच गळते. कॅलिफोर्नियात स्मिर्ना अंजिराची झाडे लावली गेली, तेव्हा हाच अनुभव आला. १८९९ मध्ये माशी तेथे स्थिरावली, तेव्हा कोठे फळ टिकू लागले. स्मिर्ना फळात शिरलेल्या मादीला अंडी घालता येत नाहीत, परंतु ती आतच मरते. साठवणीत सुक्या अंजिराला पडणारी अळी हा निराळा विषय.

वाळलेल्या फळातील जीव कालांतराने नाहीसे झाले असतील, तर ते चालेल का, हा प्रश्नही अमृतचंद्रांनी विचारात घेतला होता. अशी फळे खाण्यातही हिंसा आहे, कारण खाण्याचा तीव्र राग, म्हणजे आसक्ती, तेथे असतेच, असे त्यांचे उत्तर आहे. पुरंदरच्या अंजिराचे काय, याविषयी घराघरांत आजही मतभेद आहेत. काही घरांत ते चालते, काही घरांत कुळाचे नाव निघताच ताटाबाहेर जाते.