वळसा घ्यायचा, तर उतरण आधी पाहा

पाऊस ओसरला की सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांवर शनिवार-रविवारी पावले वाढू लागतात. एका दिवसाच्या भटकंतीत हल्ली ‘लूप’ला विशेष पसंती असते. एका वाटेने चढायचे, दुसरीने उतरायचे आणि गाडी लावली त्याच गावात परत यायचे. तीच वाट पुन्हा तुडवावी लागत नाही आणि डोंगराच्या दोन बाजू पाहून होतात, हे त्यामागचे आकर्षण.

आरोग्याच्या दृष्टीने मात्र लूपचा एक वेगळा हिशेब आहे. आल्या वाटेने परतताना घसारा कुठे आहे, वाट कुठे फुटते, सावली कुठे मिळते हे सकाळीच कळलेले असते. लूपमध्ये हे सारे दुपारनंतर, दमलेल्या पायांनी आणि उतरत्या उन्हात नव्याने शोधावे लागते. त्यामुळे वाट निवडताना चढ किती अवघड, याआधी उतरण कशी आहे, हे विचारायला हवे.

धाप नाही, पण झीज आहे

चढताना हृदय आणि फुप्फुसांवर ताण येतो. धाप लागते, म्हणून माणूस आपोआप थांबतो. उतरताना धाप लागत नाही आणि तिथेच फसगत होते. प्रत्येक पावलाला शरीर खाली घसरू नये म्हणून मांडीच्या पुढच्या बाजूचे स्नायू ब्रेकसारखे काम करतात. ते ताणले जात असतानाच जोर लावतात. अशा कामाला प्राणवायू कमी लागतो, पण स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. मांड्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त ठणकतात, त्याचे कारण हेच. त्याच दिवशी जाणवते ती वेगळी गोष्ट: स्नायू दमले की पाय लटपटतात, पाऊल हवे तिथे पडत नाही आणि घोटा मुरगळतो.

सगळ्याच उतरणी सारख्या नसतात. मिनेट्टी आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चालायला सर्वांत कमी ऊर्जा लागली ती सुमारे १० टक्के उतारावर, म्हणजे दर १०० मीटरला साधारण १० मीटर खाली नेणाऱ्या वाटेवर. उतार त्याहून तीव्र झाला की ब्रेक लावण्याचे कष्ट वाढत जातात. यातून लूपचा साधा नियम निघतो: तीव्र बाजूने चढावे, सौम्य बाजूने उतरावे. कातळातल्या अवघड जागेलाही तो लागू पडतो. चढताना पुढची पकड डोळ्यांसमोर असते, उतरताना ती पायाने चाचपावी लागते.

वेळेचे गणित

स्कॉटलंडमधील गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरला जातो. दर ५ किलोमीटर अंतराला एक तास आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. पुढे त्यात भर पडली ती तीव्र उतरणीची, दर ३०० मीटरला १० मिनिटे. समजा, लूप १० किलोमीटरचा आहे, चढाई ६०० मीटर आहे आणि उतरण तीव्र आहे. अंतराचे दोन तास, चढाईचा एक आणि उतरणीची २० मिनिटे मिळून तीन तास वीस मिनिटे होतात.

पण हा आडाखा तंदुरुस्त, सवयीच्या आणि न थांबता चालणाऱ्या माणसाचा आहे. नवखे सोबती, ऊन आणि ओबडधोबड दगड लक्षात घेऊन त्याची दीडपट धरावी, म्हणजे पाच तास. जेवण आणि विश्रांतीचा तास मिळवला की सहा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि दरीत, झाडीत त्याआधीच अंधारते. सकाळी दहाला निघणाऱ्यांच्या हाती फारच थोडी सवड उरते. सातला निघणाऱ्यांची वाट चुकली, तरी ती शोधायला उजेड असतो.

रतनगडाचे उदाहरण

अकोले तालुक्यातला रतनगड हा असा लूप करता येणारा गड. भंडारदरा जलाशयाच्या काठच्या रतनवाडीतून, अमृतेश्वर मंदिरापासून निघणारी वाट जंगलातून लोखंडी शिड्यांपाशी पोहोचते. शिड्या चढून गणेश दरवाजा, मग वर प्रसिद्ध नेढे. परतताना अनेक जण त्र्यंबक दरवाजातून उतरतात आणि खुट्टा सुळक्याला वळसा घालून पुन्हा रतनवाडीच्या वाटेला लागतात.

दिशेचा विचार इथे नीट करता येतो. शिडी उतरण्यापेक्षा चढणे सोपे, म्हणून ही दिशा रूढ झाली. पण त्र्यंबक दरवाजाखालच्या कातळात खोदलेल्या पायऱ्या उंच आहेत आणि त्या दिवसाच्या उत्तरार्धात गुडघ्यांच्या वाट्याला येतात. शिवाय खाली वाट फुटते. एक साम्रदला जाते, दुसरी वळसा घालून रतनवाडीकडे येते. इथे चुकले, तर माणूस भलत्याच गावात उतरतो आणि गाडी डोंगरापलीकडे राहते. गावातला वाटाड्या घेण्याचा खर्च अशा एकाच फाट्यावर वसूल होतो. पावसाळ्यानंतर गवत उंच असताना फाटे दिसतही नाहीत, तेव्हा तर तो हवाच. ज्यांचे गुडघे दुखरे आहेत, त्यांनी शिड्यांच्याच वाटेने जाऊन-येऊन गड पाहिला तरी काही बिघडत नाही.

मागे फिरण्याची वेळ

आल्या वाटेच्या ट्रेकमध्ये कुठूनही मागे फिरता येते. लूपमध्ये निम्मे अंतर ओलांडले की मागचे अंतर पुढच्यापेक्षा जास्त होते आणि मग पुढे जाणेच भाग पडते. म्हणून निर्णय त्या टप्प्याआधी, माथ्यावर घ्यायचा असतो. निघण्यापूर्वीच वेळ ठरवावी: इतक्या वाजेपर्यंत माथा गाठला नाही, कोणाचे पाय लटपटू लागले किंवा पाणी निम्म्याहून कमी उरले, तर लूप सोडून ओळखीच्या वाटेने परतायचे. गटातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्याच्या वेगावर हा हिशेब बेतावा.

तयारी

उतरणीची सवय घरीच करता येते. ट्रेकच्या दोन-तीन आठवडे आधीपासून, दोन-तीन दिवसांआड इमारतीचे जिने सावकाश उतरावेत. स्नायूंना एकदा या कामाची ओळख झाली की पुढच्या वेळी इजा आणि दुखणे कमी होते. उतरताना दोन काठ्या वापरल्याने गुडघ्यांवरचा भार घटतो. पावले लहान ठेवावीत, गुडघे किंचित वाकलेले असावेत. चालण्याच्या दर तासाला साधारण अर्धा लिटर पाणी धरावे, उन्हात त्याहून जास्त. गडावरच्या टाक्यांवर विसंबू नये. सोबत मीठ-साखरेचे पाणी, बॅटरी आणि नकाशा असावा. मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि किती वाजेपर्यंत परतणार, हे घरी आणि पायथ्याच्या गावात सांगून निघावे. हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्यांचा जुना त्रास असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.