कसब्यातली घरं बघताना



मागच्या महिन्यात गटाच्या मालाचं प्रदर्शन होतं, म्हणून आम्ही आठ जणी दोन दिवस पुण्याला गेलो होतो. पापड, कुरडया, शेवया आणि थोड्या गोधड्या असा माल होता. स्टॉल अकराला उघडायचा आणि आम्हाला सवयीनं पाचलाच जाग आलेली. अंघोळी झाल्या, चहा झाला, तरी घड्याळात सातच. मग मी म्हटलं, चला, कसबा पेठेतून एक फेरी मारून येऊ. बी.ए.ला असताना मी तीन वर्षं त्याच बाजूला खोली घेऊन राहत होते, त्यामुळे गल्ल्या ओळखीच्या.

"तिथं काय घ्यायचंय?" आमच्या आक्कांनी विचारलं.

"घ्यायचं काही नाही आक्का, घरं बघायचीत."

खरं तर आक्कांसाठीच मी हे काढलं होतं. त्यांना घरकुल मंजूर झालंय. गावातलं तीन खणांचं जुनं घर पाडून त्याच जागेवर नवं बांधायचं. ठेकेदारानं सांगितलेलं, "पाडायचे पैसे देऊ नका, त्या बदल्यात लाकूड मी नेतो." आक्कांना ते सोयीचं वाटत होतं. मला मात्र ते काही पटेना, पण नुसतं सांगून कोणी ऐकतं का?

आता अशी फेरी मारायची कशी, ते सांगते. एक म्हणजे सावकाश. आपण शहरात गेलो की गाडी चुकेल, पिशवी हरवेल या धाकानं पळत असतो. दुसरं म्हणजे नजर वर ठेवायची. रस्त्याच्या पातळीला सगळी दुकानं, शटर आणि पाट्या. जुनं घर उरलेलं असतं ते पहिल्या मजल्यापासून वर. एका जागी थांबायचं, वर बघायचं, मग खाली जोत्याकडे बघायचं आणि मग पुढं निघायचं. "मान वर करून चाललीस तर खड्ड्यात पडशील गं," असं एका काकींनी मला बजावलं. ते खरंच आहे, म्हणून बघताना उभं राहायचं आणि चालताना खाली बघायचं.

सुरुवात शनिवारवाड्यापासून केली. पहिल्या बाजीरावांनी १७३० साली याचा पाया घातला. १८२८ च्या आगीत आतलं सगळं लाकूडकाम जळालं. राहिले ते दगडी तट आणि आतली जोती. दिल्ली दरवाजा तुम्ही चित्रात बघितला असेल. त्याच्या फळ्यांवर मोठमोठे टोकदार खिळे आहेत, हत्तीनं धडक मारू नये म्हणून. मोठ्या दारातच माणसापुरतं एक लहान दार आहे, त्याला दिंडी म्हणतात. रोजची ये-जा तिथून. एका वेळी एकच माणूस आत येणार, तेही वाकून. आक्का म्हणाल्या, "आमच्या गोठ्याचंही दार असंच आहे की." सगळ्या हसल्या, पण मला बरं वाटलं, कारण त्या बघायला लागल्या होत्या.

तिथून कसबा गणपतीकडे आणि पुढं तांबट आळीत. जाताना जे काही जुने वाडे उभे आहेत त्यांच्यापाशी आम्ही थांबत होतो.

पहिल्यांदा जोतं. काळ्या दगडाचं, घडीव. हा दगड पाणी फारसं शोषत नाही, म्हणून जमिनीतली ओल वरच्या विटांपर्यंत चढत नाही. जोतं उंच असलं की पावसाचं पाणीही आत येत नाही. पण एक गंमत बघा. काही ठिकाणी रस्त्यावरून वाड्यात जायला पायरी चढायची नाही, उतरायची आहे! बांधणाऱ्याची ती चूक नाही. रस्त्यावर थरावर थर पडत गेले, रस्ता वर आला आणि जोतं खाली राहिलं. आपल्या गावातही तेच होतंय. आमचंच सांगते, आठ वर्षांपूर्वी घर बांधताना गवंड्यानं जोतं फूटभर ठेवलं आणि आम्ही गप्प बसलो. दोनदा रस्ता झाला. आता पावसाळ्यात उंबरठ्याशी पोती लावून बसतो आणि भिंतीला कमरेइतकी ओल येते. तेव्हा जोत्याची उंची आजच्या रस्त्यावरून धरू नका, रस्ता अजून दोनदा होणार हे धरून चाला.

मग खण. इथं चोळीचा खण नव्हे, घराचा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. आपल्याकडे अजूनही घर खणांवर सांगतात. या वाड्यांचा सगळा भार सागवानी खांबांवर आणि तुळयांवर असतो. मधल्या विटांची भिंत नुसती भरलेली असते. एके ठिकाणी भिंत ढासळली होती आणि वरचा मजला मात्र खांबांवर तसाच उभा. ते बघून आक्का बराच वेळ थांबल्या. त्यांनी एका खांबाला हात लावला, नखानं दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्या ओसरीचे खांब याच लाकडाचे आहेत गं."

तिथंच पायरीवर बसून आम्ही हिशोब केला. लाकूड घनफुटावर विकतात, हे पुष्कळ बायकांना माहीत नसतं. सहा इंच बाय सहा इंचाचा, आठ फूट उंचीचा खांब घ्या. सहा इंच म्हणजे अर्धा फूट. अर्धा गुणिले अर्धा गुणिले आठ, झाले २ घनफूट. तीन खणांना पुढच्या ओळीत चार खांब लागतात, म्हणजे ८ घनफूट. ही नुसती पुढची ओळ झाली. मागचे खांब, तुळया, कड्या, दाराची चौकट वेगळी. वखारीत जुन्या सागाचा दर काय चाललाय तो विचारायचा आणि गुणायचं. मग ठेकेदार "फुकट" पाडून देतो म्हणजे काय देतो ते कळतं.

तांबट आळीत काम सुरू व्हायचं होतं, पण एका ठिकाणी ठोकण्याचा आवाज येत होता. तांब्याच्या भांड्यावर हातोडीनं एकसारखे ठोके देत जायचे, त्याला मठारकाम म्हणतात. इथली घरं बघण्यासारखी आहेत ती यासाठी, की पुढं काम आणि मागं-वर राहणं, एकाच छपराखाली. आमच्या गटात पापड लाटणाऱ्या सहा जणी आहेत आणि सहाही जणी झोपायच्या खोलीत लाटतात. घरकुलाच्या नकाशात कामाची जागा कोणी विचारातच घेत नाही. ओसरी असली की ती जागा आपोआप मिळते. दाणे निवडायला, पापड लाटायला, बैठकीला, आजारी माणसाला उजेडात बसवायला.

परत येताना बुधवार पेठेतून आलो. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी ज्या भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली, तो दगडूशेठ गणपतीच्या समोर होता. आता तिथं वर बघून दिसण्यासारखं काही नाही. इमारत फार मोडकळीला आली होती, स्मारक बांधायचं म्हणून २०२३ च्या डिसेंबरमध्ये ती पाडली. स्मारक होईल, चांगलंच होईल. तरी जिथं पहिल्या मुली पायरी चढल्या ती पायरी बघायला मिळाली असती तर, असं मनात आलंच.

मग विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावांच्या काळातला, १८०७ च्या सुमाराचा. रस्त्यावर उभं राहूनच त्याचं लाकूडकाम बघता येतं. सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, वर केळफुलासारखं कोरीवकाम. एवढ्या वाहनांच्या गर्दीत ते आहे, पण वर बघणारं कोणी नाही. १८२१ साली इथं संस्कृत पाठशाळा सुरू झाली, अर्थात मुलींसाठी नव्हे.

आणि हेही सांगायला हवं. वाडे सुंदर म्हणून सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. पुढं चौक, सदर, उजेड आणि वारा, ते पुरुषांच्या बैठकीचं. बायका आतल्या माजघरात, धुरात, जिथं दुपारीही दिवा लागायचा. चौकामुळे गरम हवा वर निघून जाते आणि घर थंड राहतं हे खरं, पण चुलीपाशी तो वारा किती पोचायचा? दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही महात्मा फुले पेठेत फुले वाडा बघितला. तिथला हौद १८६८ साली जोतीरावांनी अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. हौद साधाच आहे, कोरीवकाम नाही. सगळ्यात जास्त वेळ आम्ही तिथंच उभ्या होतो.

गावी आल्यावर गटाच्या बैठकीत खडूनं फरशीवर आक्कांच्या घराचा नकाशा काढला. घरकुलाला कमीत कमी २५ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण २७० चौरस फूट. सपाट भागात केंद्राच्या योजनेतलं मूळ अनुदान १ लाख २० हजार, तेही हप्त्यांनी. त्यात वाडा होत नाही, हे सगळ्यांना कळतं. पण स्वयंपाकघराची खिडकी भर दुपारच्या उन्हाच्या बाजूला घ्यायची की सकाळच्या, समोरासमोर दोन खिडक्या ठेवायच्या की एकच, खिडकीवर छज्जा दीड फूट की नुसती पट्टी, जोतं किती, हे ठरवायला जास्तीचे पैसे फारसे लागत नाहीत. घरातल्या बाईला विचारावं लागतं, एवढंच. आक्कांनी ओसरी मागितली, चार फुटांची. मुलगा म्हणाला, "आई, तेवढ्यात आणखी एक खोली होईल." त्या म्हणाल्या, "त्या खोलीत तू बसून निवड मग धान्य." आतली खोली थोडी लहान केली आणि ओसरी ठरली.

लाकडाचं काय झालं, ते विचाराल. टेप घेऊन सगळं मोजलं, तीन ठिकाणी दर काढला. ठेकेदाराला पाडण्याची मजुरी रोख दिली, ती देऊनही आक्कांच्या हातात जोत्याच्या दगडाचे पैसे उरले. दाराची चौकट त्यांनी विकली नाही. सासूबाईंनी तिच्या वरच्या पट्टीवर दर दिवाळीला काढलेल्या हळदीकुंकवाच्या बोटांचे डाग अजून आहेत. ती चौकट नव्या दाराला बसते का ते सुताराला विचारलंय. चार बोटं कमी पडतेय, पण बसेल म्हणतो.