धर्म, मतं आणि बाईचा वाटा

धर्म आणि राजकारण हा विषय निघाला की घरातले पुरुष टीव्हीसमोर सरसावून बसतात आणि आपण चहा टाकायला उठतो. पण मैत्रिणींनो, या विषयात पणाला लागतो तो बहुतेक वेळा आपलाच हक्क.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या हिंदू कोड बिलात काय होतं? मुलीला वडिलांच्या मालमत्तेत वाटा, नवऱ्याला दुसरी बायको करायला बंदी आणि बाईलाही घटस्फोटाचा अधिकार. झालं! 'धर्म बुडाला' अशी ओरड सुरू झाली. पहिली सार्वत्रिक निवडणूक तोंडावर होती. बिल रखडलं आणि सप्टेंबर १९५१मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. निवडणुकीत पंडित नेहरूंविरुद्ध प्रभुदत्त ब्रह्मचारी नावाचे साधू या बिलाच्या विरोधासाठीच उभे राहिले. ते पडले. लोकांनी धर्म सोडला नव्हता, पण मत वेगळं दिलं. पुढे १९५५-५६मध्ये तेच बिल तुकड्या-तुकड्यांनी चार कायदे होऊन मंजूर झालं.

आता इंदूरच्या शाहबानोंचं बघा. ४३ वर्षांच्या संसारानंतर वकील नवऱ्याने घराबाहेर काढलं, नंतर तलाक दिला. उच्च न्यायालयाने पोटगी ठरवली महिना १७९ रुपये २० पैसे. एवढ्यासाठी तो गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात गेला! १९८५मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या पीठाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. पुन्हा 'धर्म धोक्यात'. मोर्चे निघाले, दडपण एवढं की शेवटी बाईंनीच 'हा निकाल मला नको' असं जाहीर केलं. लोकसभेत चारशेच्या वर खासदार असलेलं सरकारही नमलं आणि १९८६मध्ये निकाल फिरवणारा कायदा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत अयोध्येचं कुलूप उघडलं. एकाला खूश केलं म्हणून दुसऱ्यालाही, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं. मला तरी ते पटतं. या देवाणघेवाणीत शाहबानोंना काय मिळालं? त्या १९९२मध्ये गेल्या. न्यायालयाने २००१मध्ये त्या कायद्याचा अर्थ बाईच्या बाजूने लावला आणि मुस्लिम घटस्फोटितेला इतर बायकांसारखीच पोटगी मागता येते, हे पुन्हा स्पष्ट सांगितलं ते जुलै २०२४मध्ये.

आपल्या महाराष्ट्रात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क १९९४मध्ये आला, देशभर २००५मध्ये. तरी माहेर तुटेल या धास्तीने बहिणी हक्कसोडपत्रावर सह्या करतातच. त्याबद्दल कुठला पक्ष सभेत बोलतो? देवदर्शनाच्या बसगाड्या मात्र निवडणूक आली की हमखास सुटतात.

आमच्या बचत गटातल्या एका काकूंनी अशाच एका उमेदवाराला विचारलं, "दादा, दर्शनाला नेताय, बरं वाटलं. एक बस तलाठ्याकडेही सोडा की. सातबाऱ्यावर आमची नावं लावून घेतो."

दादा हसले, हात जोडले आणि शेजारच्या घरी गेले.